किलिमांजारो : आखणी एका निद्रिस्त ज्वालामुखीच्या चढाईची

टांझानियाच्या ईशान्य कोपऱ्यात, केनियाच्या सीमेला लागून किलिमांजारो उभा आहे. समुद्रसपाटीपासून ५,८९५ मीटर उंचीचा हा डोंगर आफ्रिकेतला सर्वांत उंच, आणि तो कोणत्याही पर्वतरांगेत मोडत नाही. पायथ्याचे मोशी शहर जेमतेम आठ-नऊशे मीटर उंचीवर आहे. तिथल्या शेता-मळ्यांतून हा एकटा डोंगर थेट पाच हजार मीटर वर चढत जातो. नेहमीच्या वाटांनी शिखर गाठायला दोर लागत नाही, बर्फात पायऱ्या खोदाव्या लागत नाहीत, प्रस्तरारोहणाचे शिक्षणही लागत नाही. लागतात ते दिवस. किलिमांजारोची आखणी म्हणजे मुख्यतः डोंगरावर किती रात्री काढायच्या याचा निर्णय. वाट, खर्च, औषधे, सामान हे सगळे त्या निर्णयाच्या मागून येते, आणि तो चुकला तर बाकीची तयारी कितीही चोख असली तरी अपुरी पडते.

हा डोंगर तीन ज्वालामुखींचा मिळून झाला आहे. पश्चिमेकडचा शिरा सर्वांत जुना, सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा. तो पुढे खचला आणि आज त्याच्या जागी साडेतीन हजार मीटरच्या वर एक विस्तीर्ण पठार उरले आहे. पूर्वेचा मावेंझी (५,१४९ मीटर) झिजून झिजून नुसते सुळके राहिले आहेत. त्यावर जायचे तर खरोखरचे प्रस्तरारोहण करावे लागते. हे दोन्ही आता मृत आहेत. मधला किबो सर्वांत तरुण आणि सर्वांत उंच, आणि तो निद्रिस्त आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक दीड ते दोन लाख वर्षांपूर्वी झाला, तरी माथ्यावरच्या रॉइश विवरातून आजही वाफा निघतात आणि गंधकाचा वास येतो. चढाईला जाणाऱ्याने उद्रेकाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. या डोंगरावर माणसे आजारी पडतात ती विरळ हवेने.

तरीही ज्वालामुखी असण्याचा परिणाम पायांना रोज जाणवतो. सह्याद्रीचा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून वाहिलेल्या लाव्ह्याचा, थरावर थर बसून घट्ट झालेला. किबोचा शंकू लाव्हा, राख आणि दगडगोटे यांच्या ढिगाचा आहे. त्याच्या वरच्या उतारावर पायाखाली घट्ट कातळ क्वचितच मिळतो. बहुतेक ठिकाणी घसारा असतो, टाकलेले पाऊल अर्धे मागे येते आणि उतरताना धुळीचे लोट उठतात. गेटर्स, धूळ अडवणारा रुमाल आणि दोन ट्रेकिंग पोल यांची गरज इथे आहे, ती यामुळे.

या डोंगराचा इतिहासही आखणीच्याच बाजूने बोलतो. १८४८ साली योहानेस रेबमान या जर्मन धर्मप्रचारकाने विषुववृत्ताजवळच्या डोंगरावर बर्फ पाहिल्याचे कळवले, तेव्हा युरोपातल्या काही भूगोलतज्ज्ञांनी त्यावर विश्वास ठेवायला नकार दिला. पुढे हान्स मेयर हा भूगोलाचा अभ्यासक १८८७ मध्ये वर गेला, पण त्याला अर्ध्यातून परतावे लागले. १८८८ ची दुसरी मोहीम किनारपट्टीवरच्या बंडाळीत अडकली. तिसऱ्या खेपेला, १८८९ मध्ये, त्याने लुडविग पुर्टशेलर या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाला बरोबर घेतले आणि डोंगरावर निरनिराळ्या उंचीवर तळ उभारून तिथे खालून अन्न पोचत राहील अशी व्यवस्था केली. त्यामुळे एक प्रयत्न फसला तरी पायथ्यापर्यंत उतरावे लागणार नव्हते. तसा तो फसलाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोघे विवराच्या कडेपर्यंत पोचून थकून माघारी आले, मग तळ आणखी वर हलवला आणि ६ ऑक्टोबरला शिखरावर पाय ठेवला. वर थांबता येण्याची सोय हेच मेयरच्या यशाचे मर्म होते, आणि आजच्या ट्रेकरलाही वेगळे काही करायचे नसते. त्या काळात शिखराला जर्मन सम्राटाचे नाव दिले गेले होते. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भाग, स्वतंत्र झाला तेव्हा शिखरावर मशाल पेटवण्यात आली, आणि तेव्हापासून ते उहुरू शिखर म्हणून ओळखले जाते.

शिखराकडे जाणाऱ्या प्रचलित वाटा सहा-सात. त्यांतली मारांगू सर्वांत जुनी. ती आग्नेयेकडून चढते, आणि तंबूऐवजी लाकडी झोपड्यांत राहण्याची सोय फक्त याच वाटेवर आहे. मंदारा (सुमारे २,७०० मीटर), होरोम्बो (३,७२०) आणि किबो (४,७००) असे तिचे तीन मुक्काम. ज्यांना पावसात तंबूत झोपणे नको त्यांना ही वाट सोयीची. मात्र ती पाच दिवसांची म्हणून विकली जाते, आणि हा हिशेब बहुतेक शरीरांना मानवत नाही : चालायला लागल्यापासून तिसऱ्या रात्री माणूस ४,७०० मीटरवर पोचतो आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे निघतो. मारांगूच घ्यायची असेल तर होरोम्बोला एक जादा रात्र काढून ती सहा दिवसांची करावी. त्याहून कमी दिवसांचा बेत स्वस्त दिसतो, पण शिखर न गाठता परतणाऱ्याला तोच सर्वांत महाग पडतो.

माचामे वाट नैर्ऋत्येकडून चढते. सध्या तिच्यावर सर्वांत जास्त गर्दी असते, आणि ती सहा किंवा सात दिवसांची असते. लेमोशो पश्चिमेकडून शिरा पठार ओलांडत येते आणि पुढे माचामेलाच मिळते. तिला सात किंवा आठ दिवस लागतात. पठारावर घालवलेले दिवस हवेची सवय होण्यासाठी उत्तम, शिवाय पहिले दोन दिवस वाट शांत असते. रोंगाई उत्तरेकडून, केनियाच्या बाजूने निघते. तो उतार पावसाच्या आडोशाला असल्याने तुलनेने कोरडा असतो, म्हणून ज्यांना पावसाच्या महिन्यांतच रजा मिळते त्यांनी तिचा विचार करावा. उत्तरेकडून डोंगराला जवळजवळ वळसा घालणारी एक वाट नऊ दिवसांची आहे. ज्याच्यापाशी वेळ आणि पैसा दोन्ही आहेत त्याच्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. उंब्वे छोटी आणि तीव्र चढाची. हवेची सवय होण्यापूर्वीच ती फार उंच नेऊन सोडते. पश्चिम भिंतीतून थेट विवरात चढणारी एक वाटही आहे. तिच्यावर जानेवारी २००६ मध्ये सुटलेल्या दगडांनी तीन गिर्यारोहकांचा बळी घेतला. पहिल्यांदा जाणाऱ्याने ती यादीतून काढूनच टाकावी.

पहिल्यांदा जाणाऱ्या, सह्याद्रीत चालून पाय तयार असलेल्या माणसासाठी आठ दिवसांची लेमोशो किंवा सात दिवसांची माचामे योग्य ठरते. या दोन्ही वाटांचा गाभा एकच आहे. शिरा पठारावरचा शेवटचा तळ सुमारे ३,८४० मीटरवर आहे. तिथून निघून दुपारपर्यंत लाव्हा टॉवर नावाच्या काळ्या सुळक्यापाशी, ४,६०० मीटरच्या वर चढायचे, तिथे जेवायचे, आणि संध्याकाळी पुन्हा ३,९६० मीटरवरच्या बरांको तळावर उतरून झोपायचे. दिवसभराच्या कष्टांनंतर हिशेबात उंची जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर वाढलेली असते. नकाशावर हा दिवस वाया गेल्यासारखा दिसतो. पण चढून जाऊन खाली झोपणे हाच शरीराला विरळ हवेची सवय लावण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि या वाटांचे यश बरेचसे या एका दिवसावर उभे आहे. लाव्हा टॉवरपाशी डोके ठणकले तर घाबरायचे कारण नसते. बरांकोला उतरल्यावर ते थांबते की नाही, हे पाहायचे असते.

बरांकोची दरी या डोंगरावरची सर्वांत देखणी जागा आहे. तिथे डेंड्रोसेनेसिओची झाडे उभी असतात : जाड खोड, टोकाला कोबीसारख्या पानांचे गेंद, आणि खोडाभोवती वर्षानुवर्षांची वाळलेली पाने तशीच लोंबत राहिलेली. ती पाने गळत नाहीत म्हणूनच रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत खोड जिवंत राहते. जवळच उगवणारी लोबेलिया रात्री आपली पाने मिटून आतला कोंब झाकून घेते आणि उन्हे आली की उघडते. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची सुमारे अडीचशे मीटरची बरांको भिंत चढायची असते. खालून पाहताना ती उभी वाटते, पण वाट तिच्या पदरांतून नागमोडी जाते. ट्रेकिंग पोल सॅकला बांधून टाकायचे आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. एका ठिकाणी खडकाला छाती लावून, कडेच्या अरुंद पायरीवरून पुढे सरकावे लागते. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्याला हे अवघड जाऊ नये. डोक्यावर पोते घेतलेले पोर्टर याच भिंतीवरून जातात, आणि मागून आवाज आला की आतल्या बाजूला सरकून त्यांना वाट द्यायची असते.

भिंतीनंतर कारंगा तळ येतो, तोही सुमारे चार हजार मीटरवर. सहा दिवसांच्या बेतात इथला मुक्काम गाळून थेट बराफू गाठतात. सात दिवसांच्या बेतात इथे रात्र काढतात. हा एक मुक्काम विकत घेण्यासारखा आहे. कारंगाच्या ओढ्यानंतर वाटेवर पाणी नाही. ४,६७० मीटरवरच्या बराफू तळावर चहा, सूप आणि शिखराच्या रात्रीच्या बाटल्या यांसाठी लागणारे सगळे पाणी पोर्टर कारंगाहून वाहून आणतात.

महिन्यांची निवड पावसावर ठरते. मार्च ते मे मोठा पाऊस आणि नोव्हेंबरच्या आसपास छोटा पाऊस, हे दोन काळ टाळावेत. जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर हे दोन कोरडे हंगाम. पहिल्यात थोडी अधिक ऊब आणि कमी गर्दी असते, दुसऱ्यात आकाश जास्त खात्रीने निरभ्र. महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेक तुकड्या २६ जानेवारी, १९ फेब्रुवारी किंवा १५ ऑगस्टला शिखरावर असण्याचा बेत करतात, आणि सुदैवाने या तिन्ही तारखा कोरड्या हंगामात येतात. तरी ठरलेल्या तारखेसाठी हवेची सवय होण्याचा एखादा दिवस कापू नये. पौर्णिमेच्या आसपास शिखराची रात्र आली तर वाट उजळलेली मिळते, पण त्या दिवसांत तळांवर गर्दीही वाढते. डोंगर विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला असल्याने वर्षभर दिवस आणि रात्र जवळजवळ सारख्याच लांबीची असते.

किलिमांजारोवर एकट्याने जाता येत नाही. हा डोंगर राष्ट्रीय उद्यानात येतो. १९८७ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही आहे. परवानाधारक गाइड घेणे सक्तीचे आहे, आणि म्हणून एखाद्या कंपनीमार्फत जाणे हाच मार्ग उरतो. कंपन्यांच्या दरांत मोठी तफावत असते आणि ती समजून घ्यायला उद्यानाचे शुल्क आधी पाहावे. अलीकडच्या वर्षांतले दर असे : दर दिवशी माणशी ७० डॉलर प्रवेश, तंबूच्या प्रत्येक रात्रीचे ५० डॉलर, बचाव शुल्क २० डॉलर आणि या सगळ्यावर १८ टक्के कर. सात दिवस आणि सहा रात्रींचा हिशेब केला तर साडेनऊशे डॉलरहून अधिक रक्कम केवळ उद्यानाला जाते. दर बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी ते पुन्हा तपासावेत. पण एवढा हिशेब हाताशी असला की तेवढ्याच दिवसांची मोहीम अकराशे-बाराशे डॉलरमध्ये देऊ करणाऱ्याचे पैसे कुठून वाचतात हे लगेच लक्षात येते. ते पोर्टरच्या मजुरीतून, त्याच्या जेवणातून आणि त्याच्या तंबूतून वाचतात.

ही गोष्ट दुय्यम मानू नये. दोन पर्यटकांमागेही गाइड, साहाय्यक गाइड, आचारी आणि अर्धा डझनभर पोर्टर असा ताफा असतो. बहुतेक पोर्टर पायथ्याच्या चाग्गा आणि इतर समाजांतले तरुण. पुरेसे बूट आणि गरम कपडे नसताना थंडीत ओझी वाहणाऱ्या पोर्टरांचे मृत्यू या डोंगराने पाहिले आहेत. नियमाप्रमाणे पोर्टरच्या पाठीवर एकूण २० किलोपेक्षा जास्त वजन नसावे, आणि प्रवेशद्वारावर त्यासाठी काटा लावलेला असतो. त्यातले पाचेक किलो त्याचे स्वतःचे, म्हणून पर्यटकाची डफेल बॅग १५ किलोच्या आत बसवावी लागते. पोर्टरांना ठरलेली मजुरी, तीन वेळचे जेवण आणि झोपायला नीट तंबू मिळतो की नाही, यावर मोशीतली किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था लक्ष ठेवते. तिच्याशी जोडलेल्या कंपन्यांची यादी जाहीर असते. कंपनी निवडताना त्या यादीपासून सुरुवात करावी.

कंपनीला विचारायचे आणखी काही प्रश्न आहेत. गाइडकडे प्राणवायूचे सिलिंडर आणि रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र असते का? गाइडला प्रथमोपचाराचे शिक्षण आहे का? एकाला खाली उतरवावे लागले तर बाकीच्यांना वर नेण्यासाठी दुसरा गाइड आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर एकाच्या डोकेदुखीने सगळ्यांची मोहीम संपते, किंवा त्याहून वाईट म्हणजे आजारी माणूस सगळ्यांबरोबर वर ओढला जातो.

शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही तेवढाच घटतो. शरीर याला तोंड देते, श्वास वाढवते, पण त्याला वेळ लागतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे. ती वयाला, पुरुष-बाई या भेदाला किंवा व्यायामाला जुमानत नाहीत. मॅरेथॉन धावणारा तरुण आडवा पडतो आणि त्याची मावशी शिखर गाठून येते, असे सर्रास घडते. नियम साधा आहे : लक्षणे असताना आणखी वर चढून झोपायचे नाही, आणि लक्षणे वाढत असतील तर रात्र असो वा पाऊस, खाली उतरायचे. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येत नसेल, बोलणे असंबद्ध होत असेल, तर मेंदूला सूज येत आहे असे धरावे. बसल्या जागी धाप लागत असेल आणि खोकल्याबरोबर फेस येत असेल तर फुप्फुसात पाणी होत आहे. या दोन्ही अवस्थांत तासांचा उशीरही जिवावर बेततो. वरच्या तळांवर यासाठी एका चाकाचे स्ट्रेचर ठेवलेले असतात, आणि हवा अनुकूल असेल तर हेलिकॉप्टरही येते. म्हणून विमा घेताना तो सहा हजार मीटर उंचीपर्यंतची चढाई आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन्हींना लागू आहे की नाही, हे कागदावर पाहून घ्यावे. साध्या प्रवास विम्यात बहुधा ते नसते.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारात डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, हवेची सवय लवकर व्हायला मदत करते. सर्वसाधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, असा तिचा डोस असतो. तिने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्याने ती डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्याने तर मोहिमेचा बेतच डॉक्टरांपुढे मांडावा. गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येतात, हा समज मात्र घातक आहे. त्याखेरीज रोज तीन-चार लिटर पाणी पिणे, आणि गाइडच्या मागे त्याच्याच चालीने, बोलता येईल इतक्या सावकाश चालणे, हे दोन उपाय बिनखर्चाचे आणि तितकेच मोलाचे. पायांत जोर असलेल्यांना पहिल्या दोन दिवसांत ही चाल असह्य होते. पुढे निघून जाणाऱ्यांपैकी बरेच जण चौथ्या दिवशी मागे पडलेले दिसतात.

तयारीला चार ते सहा महिने हवेत. सह्याद्री उंचीची सवय लावू शकत नाही : कळसूबाई, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटरचे, तर माचामे वाटेचे प्रवेशद्वारच त्याहून उंच आहे. पण पाय, गुडघे आणि दम यांच्या तयारीला सह्याद्रीसारखी जागा नाही. आठ-दहा किलोची सॅक घेऊन सलग दोन दिवस चालणे, उदाहरणार्थ राजगड ते तोरणा, हे एका दिवसाच्या धावपळीपेक्षा जास्त उपयोगी. किलिमांजारोवर रोज सकाळी थकलेले पाय पुन्हा चालवायचे असतात, आणि त्याचा सराव एका दिवसाच्या ट्रेकने होत नाही. आठवड्यात इमारतीचे जिने चढावेत, आणि लिफ्टने खाली न येता ते उतरावेतही. गुडघ्यांचा कस उतारावरच लागणार असतो. हिमालयात चार हजार मीटरवर आधी जाऊन आले असेल तर आपले शरीर कसे वागते याचा अंदाज मिळतो. मात्र तिथे झालेली हवेची सवय काही आठवड्यांत ओसरते.

पाच-सहा दिवसांत माणूस दमट जंगलातून बर्फापर्यंत जातो, म्हणून कपडे एकावर एक चढवता येतील असे हवेत. अंगालगत घाम शोषून न ठेवणारा थर, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे जाड जॅकेट आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे कवच. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत, ते घरीच ठेवावेत. उणे पंधरा अंशांपर्यंत उपयोगी पडेल अशी स्लीपिंग बॅग, दुहेरी हातमोजे, माकडटोपी, अतिनील किरण अडवणारा गॉगल आणि हेडटॉर्च आवश्यक. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग मोशीत भाड्याने मिळतात. बूट मात्र स्वतःचेच आणि दोन-तीन महिने वापरून पायात बसलेले हवेत, आणि विमानात ते पायातच घालून जावे. हरवलेल्या सामानातली इतर प्रत्येक वस्तू मोशीत उभी करता येते, मुरलेले बूट येत नाहीत. टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, आणि उद्यानात एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्या नेता येत नाहीत. सामान कापडी पिशव्यांत बांधावे आणि पाण्यासाठी टिकाऊ बाटल्या घ्याव्यात. शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही : भात, मक्याच्या पिठाची उगाली, घेवड्याची उसळ, भाज्यांचे सूप, केळी आणि ॲव्होकॅडो भरपूर मिळतात. पण चार हजार मीटरच्या वर भूकच राहत नाही, तेव्हा चिक्की, खजूर, राजगिऱ्याची वडी असे जिभेच्या ओळखीचे थोडे काही जवळ असावे.

शिखराची चढाई मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू होते. बराफूपासून उहुरूपर्यंत अंतर पाचेक किलोमीटरचेच, पण चढ बाराशे मीटरहून अधिक, आणि त्याला सहा ते आठ तास लागतात. तापमान उणे दहाच्या खाली जाते, वारा असला तर त्याहून बरेच खाली. सॅकमधल्या पाण्याच्या नळ्या पहिल्या तास-दोन तासांत गोठतात, म्हणून पाणी रुंद तोंडाच्या बाटलीत, मोज्यात गुंडाळून, उलटे ठेवायचे; बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, तो मग बुडाशी राहतो आणि बूच उघडते. बॅटऱ्या आणि मोबाइल अंगालगतच्या खिशात ठेवायचे. रात्रीच निघण्याची कारणे दोन : थंडीत घसारा काहीसा घट्ट असतो, आणि दुपारी ढग चढण्यापूर्वी माणसे खाली उतरलेली असतात. सर्वांत कठीण तास पहाटे चार ते सहाचे. समोर फक्त पुढच्या माणसाचे बूट आणि वर वळणावळणाने जाणाऱ्या दिव्यांची ओळ दिसते. किती उरले हे गाइडला विचारण्यात अर्थ नसतो.

उजाडताना विवराच्या कडेवरचा स्टेला पॉइंट येतो, सुमारे ५,७५० मीटरवर. मारांगू आणि रोंगाईच्या वाटा गिलमन्स पॉइंटपाशी कडेला मिळतात. स्टेलापासून उहुरूपर्यंतचा पाऊण ते एक तास सौम्य चढाचा आहे. एका बाजूला विवर आणि त्यातली फुर्टवेंग्लर हिमनदी, दुसऱ्या बाजूला रेबमान हिमनदीचे उभे बर्फकडे. १९१२ मध्ये या डोंगरावर जेवढे बर्फाचे क्षेत्र मोजले गेले, त्यातले ८५ टक्क्यांहून अधिक शंभर वर्षांत नाहीसे झाले. उरलेले बर्फ पाहायचे असेल तर बेत फार वर्षे पुढे ढकलू नये, एवढे स्पष्ट सांगायला हवे. शिखरावर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाहीत; छायाचित्रांसाठी पाटीपुढे रांग असते आणि गाइड घड्याळाकडे बघत असतो.

उतरणीची आखणी बहुतेकांच्या डोक्यात नसते, आणि दुखापती तिथेच होतात. त्याच दिवशी बराफूला येऊन थोडी विश्रांती घ्यायची आणि पुढे ३,१०० मीटरवरच्या म्वेका तळापर्यंत उतरायचे. एकूण उतार २,८०० मीटर. बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट बांधल्या नाहीत तर अंगठ्यांची नखे काळी पडतात. पायाची नखे मोहिमेच्या दोन दिवस आधी कापावीत, गुडघ्याचा पट्टा हाताशी ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी म्वेका प्रवेशद्वारावर नोंदवहीत सही करून प्रमाणपत्र मिळते : कडेपर्यंत पोचलेल्याला वेगळे, उहुरू गाठलेल्याला वेगळे. गाइड, आचारी आणि पोर्टर यांना बक्षिसी देण्याची पद्धत इथे पक्की आहे. ती मोहिमेच्या खर्चात आधीच धरावी, लहान नोटांत जवळ ठेवावी, आणि कोणाला किती हे सर्वांसमोर जाहीर करून द्यावी, म्हणजे ती खरोखर पोर्टरपर्यंत पोचते.

मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे किलिमांजारोच्या विमानतळावर उतरता येते. टांझानियाचा व्हिसा ऑनलाइन काढता येतो. चढाईच्या आधी मोशी किंवा अरुशाला निदान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, सामान उशिरा आले तर तोच कामी येतो. केनिया आणि इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडतात आणि तिथून येणाऱ्यांकडे भारतीय विमानतळावर लसीचा दाखला मागितला जातो. तो नसल्यास काही दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. डोंगरावर हिवताप नाही, पण मोशीत डास आहेत. हिवतापाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी आणि परतल्यानंतरही सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत घ्यावी. काही गोळ्या आठवडाभर, तर काही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर तो प्रवासाचा शीण समजून अंगावर काढू नये. आफ्रिकेतून आल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.